समुद्राखाली वाटाड्या हवा की नको? स्कूबा गाईडसोबत करावं की आपलं आपण

निळाई, मुलुंड

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही चौघं कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर स्कूबा करायला निघालोय. मी, माझा मोठा भाऊ, वहिनी आणि तेरा वर्षांचा भाचा. मत्स्यगंधानं मुरुडेश्वर, तिथून बोटीनं बेट. तिकिटं झाली, खोली झाली, आणि आता पाण्याखाली कोणी कोणाबरोबर जायचं यावरून घरात आठवडाभर वाद चालू आहे.

चौघांची चार तऱ्हा. दादा काही वर्षं आखातात नोकरीला होता, सुट्टी आली की फुजैराच्या समुद्रात. ॲडव्हान्स्डपर्यंत शिकलाय, नव्वदेक डाईव्ह झालेत. माझं ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचं पहिलं सर्टिफिकेट, दोन वर्षांपूर्वीचं, डाईव्ह अकरा. भाच्यानं उन्हाळ्यात अंदमानात ज्युनियर ओपन वॉटर केलं, त्याचे पाच. वहिनीनं आजवर टाकीतून श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात धरलेला नाही.

दादा म्हणतो, "वहिनीला इन्स्ट्रक्टर देऊ. आपल्याला गाईड कशाला? दोघांकडे सर्टिफिकेट आहे. पोराला मध्ये घेऊ, मी बघतो."

मला त्याला हो म्हणवत नाही. का ते सांगते. गेल्या मोसमात आपल्याच किनाऱ्यावर एका ठिकाणी मी सहा जणांच्या गटात उतरले होते. गाईड पुढे, त्याच्या पायातले पोहायचे फिन पिवळे. पाणी गढूळ, चार-पाच मीटरपलीकडे काही दिसत नव्हतं. एका कपारीत लायनफिश पंख पसरून थांबला होता, अगदी हाताच्या अंतरावर, मिशीसारखे तंतूही दिसत होते. मी थांबले. मान वर केली तर पिवळे फिन नाहीत, बुडबुडे नाहीत, कोणीच नाही. हिरवट पाणी आणि माझ्या श्वासाचा आवाज, बस्स. शिकवल्याप्रमाणे मिनिटभर गोल फिरून शोधलं आणि हळूहळू वर आले. बोट बरीच लांब होती. हाक ऐकू जाईना. माझ्याकडे ना बोया (बोटीला आपली जागा दाखवणारा फुगा), ना शिट्टी. बोटीवरच्या पोरानं पाहिलं तोवर वाहत जाऊन आणखी लांब गेले होते.

काही झालं नाही. पण बोटीवर बसल्यावर लक्षात आलं की त्या पंचवीस मिनिटांत मी होकायंत्राकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बोट कुठल्या दिशेला, आपण किती वेळ खाली आहोत, बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, नक्की कोण, सगळं त्या पिवळ्या फिनांवर सोडून दिलं होतं. गाईड असताना माझी ही गत झाली. मग गाईड नसताना काय होईल? की गाईड होता म्हणूनच झाली? अनुभवी मंडळींनी सांगा.

गडवाट, बोरिवली

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: गाईड होता म्हणूनच झाली.

मी मुळात डोंगरातला माणूस. वाटाड्या घेऊन गेलो तर ती वाट मला दुसऱ्यांदा सापडत नाही, हे कित्येक गडांवर अनुभवलंय. स्वतः चुकत-माकत गेलेली वाट दहा वर्षांनीही पायांना आठवते. पाण्यातही हेच. ओपन वॉटरच्या सर्टिफिकेटचा अर्थच असा की शिकलात तशाच पाण्यात, तेवढ्याच खोलीत, दुसऱ्या सर्टिफाईड बडीसोबत तुम्ही आपले आपण उतरू शकता.

बायको आणि मी बालीला तुलांबेनला गेलो होतो. किनाऱ्यावर गोट्यांचा समुद्रकाठ, गावातल्या बायका डोक्यावर टाक्या घेऊन तुमच्या पुढे चालतात, आणि किनाऱ्यापासून थोडंसं पोहलं की 'लिबर्टी' जहाजाचा सांगाडा. १९४२ साली जपानी पाणबुडीनं त्यावर टॉर्पेडो सोडला, ओढून आणून ते किनाऱ्याला लावलं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकानं ते पुन्हा पाण्यात ढकललं. पहिल्या दिवशी गाईड घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघंच उतरलो. आदल्या दिवशी पाहिलेलं जहाज आणि त्या दिवशीचं जहाज एकच, पण पहिल्यांदा ते मला दाखवलं होतं आणि दुसऱ्यांदा मी पाहिलं. परतताना बायकोनं होकायंत्र बघून किनारा बरोबर गाठला तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे.

कॅरिबियनमध्ये बोनेअर बेटावर तर सगळा कारभार असाच. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड, त्यावर जागेचं नाव. पिकअपमध्ये टाक्या टाकायच्या, दगड दिसला की थांबायचं, बडीबरोबर उतरायचं. ग्रेट बॅरियर रीफच्या बऱ्याच बोटींवरही सर्टिफाईड लोक आपापले जातात, गाईड हवा असेल तर वरचे पैसे द्यायचे. आपल्याकडेच हाताला धरून नेण्याची सवय लागली आहे.

आईसाहेब, डोंबिवली

गडवाट, तुलांबेन आणि नेत्राणीची तुलना नको. तिथे किनारा पायाशी होता, इथे बोट सोडली तर चहूकडे उघडा समुद्र. आणि तुम्ही दोघं मोठे होतात. या गटात तेरा वर्षांचं पोर आहे.

निळाई, माझी मुलगी बारा वर्षांची असताना शिकली, म्हणून नियम पाठ आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरपर्यंत, तेही इन्स्ट्रक्टर, डाईव्हमास्टर किंवा सर्टिफाईड पालकाबरोबर. बारा ते चौदा वयाला १८ मीटरपर्यंत, सोबत सर्टिफाईड मोठं माणूस हवंच. म्हणजे कागदावर दादांचं म्हणणं चुकीचं नाही. पण "पोराला मध्ये घेऊ" हे वाक्य मला खटकलं. बाप पाण्यात मुलाकडेच बघणार, बघायलाच हवं. मग तुझा बडी कोण?

खोलपाणी, विलेपार्ले

आईसाहेबांनी मर्मावर बोट ठेवलं. तिघांची जोडी नसते. गढूळ पाण्यात तीन माणसं एकमेकांवर नजर ठेवू शकत नाहीत, कोणीतरी एक सुटतो, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत मागे असलेला नवखा असतो.

निळाई, तुझ्या अनुभवातली एक गोष्ट तू स्वतःच नीट हेरलीस. गाईड वाट दाखवतो, मासे दाखवतो, बोटीशी परत आणतो. पण तुझी हवा तो श्वासत नाही. तुझ्या टाकीत किती उरलंय हे त्याला तू सांगितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा गाईडच्या मागे असतानाही आपण एकटेच उतरलोय असं समजून डाईव्ह करायला शिकलं पाहिजे. मी तीस वर्षं हेच सांगत आलोय.

आता थोडं गणित, कारण वेगवेगळ्या अनुभवाच्या माणसांचं एकत्र जाणं इथेच अडतं.

पाण्यात दर दहा मीटरला दाब एका बारनं वाढतो. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २, १८ मीटरवर २.८. श्वासाला लागणारी हवा त्याच पटीनं वाढते. १२ लिटरची टाकी २०० बारनं भरली की २४०० लिटर हवा. त्यातले शेवटचे ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. वापरायला राहिले १८००.

अकरा डाईव्ह झालेल्या माणसाला पृष्ठभागावरच्या हिशेबानं मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरू. १८ मीटरवर ती ५६ होते. १८०० भागिले ५६, साधारण ३२ मिनिटं. तुझ्या दादाला सरावामुळे १३ लिटर पुरत असतील, तर त्याच खोलीवर ३६ आणि त्याची मिनिटं जवळपास ४९. म्हणजे त्याची सतरा मिनिटं शिल्लक असताना तुझी वेळ भरलेली असते. जोडी एकत्र गेली तर एकत्रच वर यायला हवं. अनुभवी माणसाची इथे चिडचिड होते, आणि नवखा लाजेपोटी हवा किती उरली ते दाखवणारा गेज लपवतो. मी हे दोन्ही पुष्कळ पाहिलंय. एक बाई ४० बारवर असताना मला "ओके" दाखवत होत्या. गेज हातात घेऊन पाहिला म्हणून कळलं.

आणि ते ५० बार कशासाठी? समज, १८ मीटरवर तुझ्या बडीची हवा संपली आणि दोघं तुझ्या टाकीवर वर येताय. घाबरलेली दोन माणसं, प्रत्येकी २५ लिटरनं धरू. एक मिनिट तिथेच सावरण्यात, दोन मिनिटं पाच मीटरपर्यंत यायला, तीन मिनिटं तिथे सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा थांबा), मग वर. बेरीज केलीस तर सहाशेच्या वर जाते. १२ लिटरच्या टाकीत ते ५० बारपेक्षा थोडे जास्तच. तेव्हा ५० हा आकडा बोटीवर पोचतानाचा. १८ मीटरवर बसून ५० होण्याची वाट बघणं म्हणजे बडीच्या वाट्याची हवा खर्च करणं. मी तिथून ७०-८० लाच निघतो.

हे गणित उतरण्याआधी करता आलं, त्याप्रमाणे वागता आलं, की मग आपलं आपण जाण्याच्या गोष्टी कराव्यात. दादाला एकच विचार: शेवटचा डाईव्ह कधी झाला?

मालवणी पाणबुडा, लालबाग

मी मूळचा देवबागचा, सात मोसम गाईड म्हणून पाण्यात काढलेत. पलीकडच्या बाजूनं लिहितो.

आधी एक गैरसमज. सिंधुदुर्ग किल्ल्यामागे लोक जे दहा-पंधरा मिनिटांचं स्कूबा करून येतात, त्यात आम्ही एकेकाची टाकी मागून धरून फिरवतो. त्या माणसानं फक्त श्वास घ्यायचा आणि कान मोकळे करायचे. वहिनींसाठी हेच योग्य, फक्त त्यांना एकटीसाठी एक इन्स्ट्रक्टर मागा आणि घाई करू नका असं आधीच सांगा. पण सर्टिफाईड माणसाला गाईड म्हणजे असं धरून नेणं नव्हे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोटीच्या पैशांतच गाईड धरलेला असतो. प्रश्न गाईड घ्यावा का हा नाहीच, त्याच्याकडून काय घ्यावं हा आहे.

गाईडला काय दिसतं ते सांगतो. पहिल्या दोन मिनिटांत माणूस कळतो. हातानं पाणी मारतोय का, उभाच तरंगतोय का, खाली जाताना कान धरून थांबतोय का. मग मी त्याला माझ्या उजव्या हाताला ठेवतो. पण पाच मीटर दिसत असताना सहावा माणूस मला दिसत नाही. कितीही चांगला गाईड असला तरी नाही दिसत. निळाईताई, तुमच्या गाईडनं सहा जण घेतले ही त्याची चूक, आणि मागे दुसरा माणूस ठेवला नाही ही त्याहून मोठी.

आमच्याकडून एक विनंती. बोटीवर खरं सांगा. "किती डाईव्ह?" विचारल्यावर लोक पन्नास सांगतात, वहीत बारा असतात. "शेवटचा कधी?" विचारलं की तीन वर्षांचे सहा महिने होतात. तुम्ही मला खोटं सांगितलंत की मी तुम्हाला चुकीच्या खडकावर नेतो. आणि पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना बोटीवरच समजावा, अंगठा वर करणं म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चला". वहिनींनी आनंदानं अंगठा दाखवला तर इन्स्ट्रक्टर त्यांना वर घेऊन येणार.

गडवाट, बोरिवली

सहा जणांमागे एक गाईड हे मला माहीत नव्हतं. अशा गटात मीही जाणार नाही. पण मुद्दा सोडत नाही. कायम कोणाच्या तरी मागे गेलेल्या माणसाचे शंभर डाईव्ह होतात आणि त्याला बोया सोडता येत नाही. असे लोक मला भेटलेत.

खोलपाणी, विलेपार्ले

हे मान्य. शंभर टक्के मान्य.

वेसावकर

मी डाईव्ह करत नाही, पण दर्या आमच्या घरचा आहे. वेसाव्यात जाळी टाकताना आजोबा शिकवायचे ते सांगतो, कारण इथे कोणी भरती-ओहोटीचं नाव काढलं नाही.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, ओढही जास्त आणि गाळही उठतो. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी मंद, ओढ कमी. पाण्यात उतरायचे दिवस तुम्हीच ठरवणार असाल तर भांगाचे धरा. वेळेसाठी आमचा हिशेब: तिथीची पाऊणपट केली की मुंबईत पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती, मग बाराच्या सुमारास ओहोटी. कारवार-मुरुडेश्वरकडे वेळ थोडी वेगळी आणि चढउतारही आपल्यापेक्षा कमी, पण उधाण ते उधाण आणि भांग तो भांग. ताई वाहत गेल्या त्या दिवशी तिथी कोणती होती ते बघा.

निळाई, मुलुंड

वेसावकर दादा, आत्ता कालनिर्णय काढून पाहिलं. पौर्णिमेचा दुसरा दिवस. अंगावर काटा आला.

नाडीपरीक्षा, ठाणे

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी, गाईड असो वा नसो.

सर्दी असेल तर उतरू नका. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं तर नकोच. खाली असताना तिचा परिणाम ओसरला की वर येताना सायनसमध्ये हवा अडकते. दमा, रक्तदाब, हृदयाचा काही इतिहास असेल तर डाईव्ह सेंटर जो वैद्यकीय फॉर्म देतं तो खरा भरा. वय ४५ च्या वर असेल तर फॉर्ममध्ये त्याचा वेगळा प्रश्न असतो. दादांचं वय काय?

दुसरी गोष्ट परतीची. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एक डाईव्ह केला तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाईव्ह किंवा सलग दिवस केले तर १८ तास, ही 'डॅन' (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) संस्थेची शिफारस आहे. लोक गोव्याहून संध्याकाळचं विमान पकडायचं म्हणून सकाळी डाईव्ह करतात, ते चूक. तुम्ही मत्स्यगंधानं येताय, उत्तम. पण मालवणहून गाडीनं येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ही शिफारस २००० फुटांपासून पुढच्या उंचीला लागू होते आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर, म्हणजे त्याहून वर आहे. डाईव्ह संपवून लगेच आंबोली घाट चढणं हे शरीराला कमी उंचीच्या विमानासारखंच. ती रात्र किनाऱ्यावर काढा, सकाळी निघा.

वर आल्यावर सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, विचित्र थकवा यातलं काहीही झालं तर "झोपलं की बरं वाटेल" म्हणू नका. ऑक्सिजन द्या आणि रिकम्प्रेशन चेंबर (पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) जवळात जवळ कुठे आहे हे निघण्याआधीच विचारून ठेवा. बोटीवर ऑक्सिजनची बाटली आहे का, हाही प्रश्न विचारा.

निळाईचा दादा

बहिणीनं लिंक पाठवली म्हणून खातं उघडून लिहितोय. खोलपाणी काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: शेवटचा डाईव्ह मुंबईला परत येण्याआधीचा, म्हणजे तीन वर्षं होऊन गेली. माझे जवळपास सगळे डाईव्ह त्याच समुद्रातले, तेच चार-पाच खडक, ओळखीच्या बोटी. उधाण-भांग हे शब्द मी काल पहिल्यांदा नीट समजून घेतले. नव्वद आकडा मनात असा बसला होता की मी स्वतःला हा प्रश्न विचारलाच नव्हता.

डॉक्टर, वय ४६. फॉर्म खरा भरतो.

पण एक मनापासून विचारतो. निळाईनं कायम कोणाच्या मागेच फिरावं असं मला वाटत नाही. त्या दिवशी ती घाबरली होती हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं, इथे वाचलं. तिला आत्मविश्वास येईल असं काय करू? मी सोबत असेन म्हटल्यानं तो येणार नाही, एवढं कळलं.

खोलपाणी, विलेपार्ले

हे लिहिलंस ते फार बरं केलंस.

आता असं कर. पहिला डाईव्ह तू, निळाई आणि मुलगा, गाईडसोबत, १२ मीटरच्या आत. तू मुलाचा बडी, निळाईचा बडी गाईड. गाईडला आधी स्पष्ट सांगायचं. तो पाण्याशी ओळख करून घ्यायचा डाईव्ह. कोणाला किती वजन लागतंय, कान कसे आहेत, कोण किती हवा खातंय, एवढंच बघायचं.

दुसऱ्या डाईव्हला मुलगा आईबरोबर बोटीवर थांबेल. तू आणि निळाई बडी. गाईड असेल, पण मागे. पुढे निळाई. बोटीवर बसून तिनंच आखणी सांगायची: कुठल्या दिशेला जायचं, किती खोल, किती मिनिटांनी किंवा किती बारला वळायचं. आधी ओढीच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमलेले असताना ओढ बोटीकडे आणते. वळताना होकायंत्रावर १८० अंश. वाटेत खुणा धरायच्या, मोठा खडक, पंख्यासारखं पोवळं, काहीही. गाईड चुकल्याशिवाय बोलणार नाही. शेवटी बोया तीच सोडणार. बोट पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे निघाली तरी चालेल. गाईड घेऊनही आपलं आपण जाणं असं करता येतं.

मालवणी पाणबुडा, लालबाग

अशी पाहुणी मिळाली तर गाईडला आनंदच होतो. आमच्याकडे हे फार कमी लोक मागतात. फोनवर बुकिंग करतानाच सांगा, "दुसऱ्या डाईव्हला मी पुढे, गाईड मागे," आणि गाईड अनुभवी द्या म्हणावं. टाळाटाळ केली तर दुसरीकडे विचारा.

आईसाहेब, डोंबिवली

आणि भाच्याला बोटीवर नुसतं बसवू नका. त्याच्याकडे घड्याळ द्या. आत्या आणि बाबा किती वाजता खाली गेले, किती वाजता बोया वर यायला हवा, हे तो लिहील. माझी मुलगी असंच शिकली.

निळाई, मुलुंड

काल रात्री घरी सगळं मोठ्यानं वाचलं. वहिनीनं तिची एकच अट सांगितली, इन्स्ट्रक्टरशी आधी फोनवर बोलायचं. दिवस बदलून अष्टमीच्या आसपासचे घेतोय. गाडीची तिकिटं रद्द करून पुन्हा काढली, थोडे पैसे गेले, जाऊ देत. दादानं पावसाळ्यात माळ्यावर टाकलेली बॅग खाली काढली. रेग्युलेटरचा माउथपीस दातानं फाटलाय, होज कडक झालाय. सर्व्हिसिंगला देतोय.

मला बोया कधीच सोडता आलेला नाही. कोर्समध्ये एकदा दाखवला होता, तेवढंच. त्याच्या दोरीच्या रीलमध्ये हाताचं बोट अडकलं तर माणूस बोयाबरोबर वर ओढला जातो असं ऐकल्यापासून भीतीच बसली आहे. काका, पूलमध्ये शिकवता येतो का?

खोलपाणी, विलेपार्ले

येतो. तीन मीटर पाणी पुरतं. रील हातात सैल धरायची, बोट चाकात घालायचं नाही, आणि बोयात एकदम न भरता आधी थोडीच हवा सोडायची. तो उभा राहिला की मग बाकीची. वीस वेळा केलंस की हात आपोआप करतो.

शनिवारी सकाळी साडेसहाला आमच्या पूलवर ये, दादालाही आण, त्याचाही रिफ्रेशर होईल. बोया तुझा नवीन घे, केशरी, दीड मीटर लांबीचा. रील माझ्याकडची देतो. आणि येताना रस्त्यात एक शिट्टी घे, जॅकेटला बांधून टाकू.